नागपूर नक्की किती लांब?

प्रश्न : माझं माहेर नागपूरचं. आई म्हणते, मुंबई 837 किलोमीटर. फोनवर विमानाचं अंतर 690च्या आत दिसतं आणि धाकटे दीर समृद्धीचे 701 सांगतात. खरं कुणाचं? आणि विमान ताशी आठशेने उडतं, तर तिकिटावर दीड तासाच्या वर वेळ कसा? हिवाळ्यात तर येताना जास्तच लागतो!
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तिघांचंही खरं आहे. आईंचा आकडा सीएसएमटीहून भुसावळमार्गे जाणाऱ्या रेल्वेचा. दिरांचे 701 फक्त आमणे ते नागपूर. मुलुंडहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतची कोंडी त्यांनी सोयीस्कर गाळली. फोनवाला आकडा म्हणजे नकाशावरची सरळ रेघ, साधारण 680 किलोमीटर.

या रेघेवरून विमान कधी जात नाही. गंमत बघायची तर घाटकोपरला असल्फ्याच्या एखाद्या गच्चीवर उभं राहा. चाकं खाली सोडलेली विमानं डोक्यावरून पश्चिमेकडे उतरताना दिसतील. उडतातही बहुतेक वेळा त्याच दिशेने. म्हणजे तुम्हाला जायचंय पूर्वेला, पण विमान आधी जुहूच्या समुद्रावर जाणार, तिथे वळणार आणि मग विदर्भाची वाट धरणार.

मी 31 वर्षं विमानतळावर ट्रिमशीट बनवल्या. कुठलं सामान विमानात पुढे आणि कुठलं मागे, त्याचा हिशोब. आमच्यात वेळ मोजायची ती ‘चोक्स ऑफ’ ते ‘चोक्स ऑन’. चोक म्हणजे चाकाखालचा अडसर. तो निघाल्यापासून नागपुरात पुन्हा लागेपर्यंतचा वेळ तुमच्या तिकिटावर असतो. सरळ उडण्याला पाऊणएक तास, बाकीचा वेळ पुशबॅक (म्हणजे विमान मागे ढकलून जागेवरून काढणं), रांग, चढण, उतरण. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. सकाळी धावपट्टीच्या तोंडाशी आठवा नंबर लागला की पायलट काय करणार? तेवढा वेळ वेळापत्रकातच धरून ठेवतात. म्हणून तर कधी कधी ‘वीस मिनिटं लवकर पोहोचलो’ अशी फुशारकी ऐकू येते!

येतानाचा उशीर वाऱ्याचा. हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. तो ताशी 80 धरा. नागपूरला जाताना आठशेचे 880 होतात, परतताना 720. एवढ्या छोट्या पल्ल्यातही दहा मिनिटांचा फरक पडतो. वर मुंबईत उतरायला जागा नसली की आभाळात घिरट्या, त्या वेगळ्याच.

मला विचाराल तर मुलुंडच्या माणसाने घर ते घर मोजावं. निघायचं तीन तास आधी, उड्डाण दीड तासाचं, मग पट्ट्यावरच्या बॅगेची वाट आणि पुढे रिक्षा. साडेपाच तास सहज जातात. तरी रेल्वेच्या निम्मेच, पण ‘दीड तासात माहेर’ म्हणू नका.

जाता जाता : 1949मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतत. चौघांना मधलं पडेल असं तेच गाव. आईंना त्या विमानांचे रात्रीचे आवाज आठवत असतील तर जरूर कळवा.