ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर कशाला घालतात?

तुम्ही विचारलंय की जुलाबात पाणी आणि मीठ द्यायचं हे पटतं, पण साखर कशाला, ताकद यावी म्हणून का?

ताकदीसाठी नाही. साखर तिथे मिठासाठी आहे आणि मीठ पाण्यासाठी. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलाचा धडा आला की फळ्यावर आकृती काढण्याआधी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडीच टेबलावर ठेवते.

पेशीपटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 7-8 नॅनोमीटर. ऑक्सिजन त्यातून सहज आरपार जातो. मीठ-साखरेचं मात्र त्या तेलकट थरापुढे काही चालत नाही. पटलात रुतलेल्या प्रथिनांमधूनच त्यांना वाट मिळते. आणि पाणी? जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे ते ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधीच घातलं की पानात वाढेपर्यंत पाणी सुटतं ना, तेच हे परासरण.

लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं एक प्रथिन असतं. सत्यनारायणाला जसं जोडीनं बसावं लागतं, तसं इथे मिठातला सोडियम आणि पुडीतली साखर म्हणजे ग्लुकोज, दोघंही हवेत. (नेमकं सांगायचं तर तिघं: सोडियमचे दोन आयन, ग्लुकोजचा एक रेणू.) पेशीच्या आत सोडियम कमी असतो, म्हणून तो आत घुसायला उतावीळ असतो आणि जाताना ग्लुकोजला ओढून नेतो. आत तो कमी का असतो? कारण पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. दर फेरीला 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. असे क्षार आणि साखर आतड्यातून रक्ताकडे सरकले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. ही जोडीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली.

खरी गंमत कॉलऱ्यात आहे. त्याचं विष पेशींना क्लोराइड आतड्यात ओतायला लावतं, मागोमाग पाणीही जातं आणि माणूस काही तासांत सुकतो. पण एसजीएलटी-1 ला ते विष धक्काही लावत नाही! 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

मग साखर जास्त घातली तर आणखी चांगलं? आमच्याकडे हे झालंय. पोराला गोड लागावं म्हणून सासूबाईंनी तयार ओआरएसमध्ये वर दोन चमचे साखर ढवळली आणि जुलाब वाढले. आतड्यात शोषली न गेलेली साखर उलट पाणीच ओढून घेते, पुन्हा कोशिंबीर. आजच्या पुडीत सोडियम आणि ग्लुकोज लिटरमागे सारखेच, 75-75 मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक), असतात ते उगीच नाही. म्हणून 1 लिटरची पुडी असेल तर ती अख्खी 1 लिटर पाण्यात घालायची, अंदाजाने ग्लासात चिमूटभर नव्हे.

पुडी हाताशी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट घ्या, शिगोशीग नको.