"सौ. करुणा शिवणवर्ग चालवतील"

"ताई, देवाचं काम करायला आलोय आम्ही इथं. मग मला रोज दुपारी रडू का येतं? माझा विश्वास कमी पडतोय का?"

सेवेसाठी घरदार सोडून दूरदेशी गेलेल्या कुटुंबांतल्या बायकांकडून समुपदेशनाच्या कामात मी हा प्रश्न बऱ्याचदा ऐकला आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी गेलेल्या बायकाही हेच विचारतात. त्यांच्या प्रश्नात देव नसतो, "सगळं इतकं चांगलं असताना" असं असतं. पण मिशनरी कुटुंबात हा प्रश्न जास्त बोचतो. तिथं थकवा म्हणजे नुसता थकवा राहत नाही, त्याचा पाप-पुण्याशी हिशेब लागतो.

करुणाची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

करुणा नगरची. आता अहिल्यानगर, पण तिच्या तोंडी नगरच. नवरा पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर. दोन मुलं, मुलगी चौदा वर्षांची आणि आशिष नऊचा. २०२२ साली हे कुटुंब आफ्रिकेत मलावीला गेलं, देशाच्या दक्षिणेला, झोंबा शहराच्या पुढच्या एका गावी. तिचा पहिला फोन आला तो जानेवारी २०२४ मध्ये. आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले की तिच्याकडे दुपारचे दीड. आशिष शाळेत, नवरा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला बाहेर, पत्र्यावर पावसाचा आवाज. वीज गेली की चेहरा दिसेनासा व्हायचा आणि आम्ही नुसत्या आवाजावर बोलत राहायचो. अंधारात ती जास्त मोकळं बोलते, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

पहिल्या भेटीत मी तिला विश्वासाबद्दल काहीच विचारलं नाही. झोप, भूक, वजन, पाळी, ताप यांबद्दल विचारलं. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं. "नाही ताई, तसं नाही. पण सकाळ होऊ नये असं वाटतं." मग गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं. हिवतापापासून बचावासाठी ती आठवड्याला एक गोळी घेत होती, निघताना इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. पाकिटावरचं नाव तिनं वाचून दाखवलं: मेफ्लोक्विन. या औषधानं काही जणांना भयाण स्वप्नं पडतात, जीव घाबरा होतो, मन खचतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मी डॉक्टर नाही. "गोळी आपल्या मनानं बंद करू नका, हिवताप जीवघेणा असतो. पण या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना भेटा, स्वप्नांबद्दल सांगा आणि रक्तही तपासून घ्या," एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. हिमोग्लोबिनही कमी निघालं. महिनाभरानं झोप बरीच सुधारली.

हे आधी सांगितलं, कारण मनाचं दुखणं म्हणून आलेल्या बाईचं शरीर तपासायचं राहून जातं. आणि श्रद्धाळू माणूस तर त्याला "परीक्षा" म्हणून सहनच करत बसतो.

झोप सुधारली तरी दुपारचं रडू थांबलं नाही. मग आम्ही शिवणवर्गाकडे आलो.

चर्चच्या मागच्या खोलीत सहा पायमशीन होत्या. आठवड्यातून तीन दुपार वर्ग. सुरुवातीला बावीस बायका यायच्या, आता पाच. करुणानं नगरला शिवणाचा डिप्लोमा केला होता, लग्नाआधी. कागदावर मापं काढायची, छाती भागिले चार, मुंढा, गळा, मग कागद कापून कापडावर ठेवायचा आणि खडूनं आखायचं, अशी तिची शिस्त. बायकांना शाळेचा गणवेश शिवायला शिकायचं होतं. मलावीत प्राथमिक शाळेची फी १९९४ मध्ये माफ झाली, पण गणवेश घरच्यांनीच करायचा असतो, त्यामुळे त्या कामाला गिऱ्हाईक नक्की.

एके दिवशी ती कागदावर मुंढ्याचा गोल काढत असताना मागच्या बाकावरच्या एकीनं पिशवीतून मुलीचा जुना गणवेश काढला. शिवण उसवून तो कापडावर पसरला, कडेनं दोन बोटं जास्तीची धरली आणि सरळ कात्री चालवली. बाकीच्या तिच्याभोवती गोळा झाल्या. करुणा फळ्यापाशी खडू हातात धरून उभी.

"मला तिचा राग आला नाही ताई. मला वाटलं, मी इथं कशाला आहे?"

त्या वेळी तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. निघण्याच्या आधी नगरच्या मंडळीत निरोपाची सभा झाली. महिला संघानं तिला शाल दिली आणि म्हटलं, "तू आमची टबीथा." बायबलमधलं "प्रेषितांची कृत्ये", नववा अध्याय. यापो गावची टबीथा विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा त्या विधवा येशूचा शिष्य पेत्र याला तिनं शिवलेले झगे दाखवत रडत होत्या. त्या सभेत कुटुंबाची माहिती देणारं एक पत्रकही वाटलं होतं. त्यात नवऱ्याच्या कामाबद्दल दोन परिच्छेद होते आणि शेवटी एक ओळ: "सौ. करुणा स्त्रियांसाठी शिवणवर्ग चालवतील."

"हे छापण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन तुटली.

"नाही. पण मी नाही तरी कुठं म्हटलं?"

लग्नानंतर करुणानं अकरा वर्षं एका पतसंस्थेत नोकरी केली होती. खतावणी, पासबुकं, थकबाकीच्या याद्या. संध्याकाळी रोकड जुळली की होणारा आनंद ती सांगायला लागली तेव्हा तिचा आवाजच बदलला. ती नोकरी सोडून ती मलावीला गेली. त्यागाची मोजणी करताना घर, शेत, आई-वडील असं सगळ्यांनी धरलं. पतसंस्थेतली खुर्ची कुणी धरली नाही, तिनं स्वतःही नाही.

मला इथं माझ्या कामाची मर्यादा सांभाळायची होती. मी ख्रिस्ती नाही. देवाचं बोलावणं, म्हणजे पाचारण, काय असतं हे मी तिला शिकवणं उद्धटपणाचं झालं असतं. म्हणून मी तिलाच विचारलं, "पाचारण तुम्हाला आलं होतं, की शिवणवर्गाला?" ती म्हणाली, विचार करून सांगते. पुढच्या भेटीत पवित्र शास्त्र उघडून बसली होती. "ताई, टबीथा आजारी पडली होती. तसं स्पष्ट लिहिलंय. आजारी पडून ती मेली, मग पेत्र आला. आम्ही नेहमी झग्यांवर बोलतो. ती आजारी होती तेव्हा तिच्याजवळ कोण बसलं होतं, हे मी आजवर कुणाला विचारताना ऐकलं नाही."

हे वाक्य मला सुचलं नसतं.

त्यानंतर मी तिच्या गावाचाच विचार करत राहिले. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. मुलींच्या शाळा, शिक्षिकांचं प्रशिक्षण. सावित्रीबाई फुल्यांनी तिच्याकडे प्रशिक्षण घेतल्याचं आपण वाचतो. तिचं काम आपल्याला माहीत आहे. दुपारी पंखा नसलेल्या खोलीत तिला काय वाटत असेल, हे माहीत करून घ्यावंसं आपल्याला वाटलंच नाही. सेवा करणाऱ्या बाईकडून आपण अहवाल मागतो.

करुणाही दर महिन्याला अहवाल पाठवायची. नगरच्या मंडळीसाठी प्रार्थनापत्र, व्हॉट्सअॅपवर. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळानं दक्षिण मलावीत शेकडो माणसं गेली. शिवणाची खोली बेघरांनी भरली होती, मशीन एकावर एक रचून कोपऱ्यात लावली होती आणि करुणा रात्रंदिवस मक्याच्या पिठाची लापशी ढवळत होती. त्या महिन्याचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. "प्रभूनं आम्हाला राखलं. सेवा चांगली चालू आहे." आशिष रात्री अंथरूण ओलं करायला लागला होता, ते त्यात नव्हतं.

मी तिला दोन पत्रं लिहायला सांगितली. एक नेहमीचं, पाठवायचं. दुसरं खरं, न पाठवायचं. दुसरं सात पानी झालं. त्यात सासूच्या हातची ज्वारीची भाकरी होती आणि मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडेनं फाटते तेव्हा येणारं रडू होतं. बाजारात वाळवलेली उसिपा मासळी दिसली की सुकटीचा वास आठवून ती तिथंच थांबते, हे होतं. मुलगी आता मराठीत स्वप्नं पाहत नाही, हेही होतं. त्या सात पानांत देवाबद्दल तक्रारीचा एक शब्द नव्हता. मी ते तिला दाखवलं. "तुम्ही विश्वास कमी पडल्याचं म्हणत होतात. मला या पानांत घरची आठवण दिसते."

मग एक भेट नवऱ्यासोबत. पास्टर सज्जन माणूस, थकलेला. ते म्हणाले, "ही माझ्यासमोर कधी रडली नाही. मला वाटायचं, वर्ग हा हिचा आनंद आहे." करुणा खाली बघत म्हणाली, "आशिषच्या पप्पांना आधीच इतकं असतं." मी त्यांना एवढंच करायला सांगितलं: रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, मंडळीचा विषय नाही, मराठीत बोलायचं. पहिले आठ दिवस दोघांना बोलायला काही सुचलं नाही. मग सुचायला लागलं.

वर्ग ओस का पडला, याचं उत्तर मात्र मानसशास्त्रात नव्हतं. मी तिला म्हटलं, न येणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी जा आणि विचारा. ती गेली. तिथं पावसाळा नोव्हेंबरपासून. डिसेंबर ते फेब्रुवारी घरातला मका संपत आलेला असतो आणि नवा यायला एप्रिल उजाडतो. त्या दिवसांत बायका स्वतःच्या शेतात राबतात आणि दुसऱ्याच्या शेतात मोलमजुरीला जातात. त्या मजुरीला तिकडे "गान्यू" म्हणतात. त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं क्वाचाची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत एका झटक्यात ४४ टक्क्यांनी उतरवली. दोऱ्याचं रीळ विकत घेऊन वर्गाला येणं परवडेना. त्या बाईनं करुणाला ओसरीवर बसवलं, शेंगा पुढं केल्या आणि म्हणाली, "मायी बुसा, आम्ही तुमच्यावर रुसलेलो नाही. आम्हाला भूक आहे." मायी बुसा म्हणजे पाळकीणबाई. आई या अर्थाचा तो "मायी" शब्द करुणाला आपल्या "माय"सारखा ऐकू यायचा आणि दर वेळी गलबलून यायचं.

त्याच ओसरीवर तिला आणखी काहीतरी दिसलं. दहा-बारा बायका वर्तुळात, मध्ये पत्र्याची पेटी, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडे. "बँक म्खोंडे", म्हणजे ओसरीवरची बँक. आपल्या बचतगटासारखीच. दर बैठकीला पैसे टाकायचे, त्यातून कर्ज द्यायचं, वर्षाअखेर व्याजासकट वाटून घ्यायचं. हिशेबाची वही गिचमिड झाली होती आणि दोघींत व्याजावरून वाद चालला होता. करुणानं वही मागून घेतली.

"ताई, मी तिथं तीन तास बसले. आकडा जुळला."

सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. शिवणवर्ग चालू आहे. आता तो मे-जूनमध्ये, पीक घरात आल्यावर भरतो. बेतायला शिकवायला बाजारातल्या एका दुकानाच्या ओसरीवर मशीन घेऊन बसणारा शिंपी येतो. तिकडे हे काम बहुतेक पुरुषच करतात. तो जुना गणवेश पसरूनच कापतो. करुणा काज-बटण आणि हातशिलाई बघते आणि बुधवारी बचतगटाची वही लिहिते. हा बदल करायचं ठरलं तेव्हा इकडच्या समितीतून एक नाराजीचा फोन आला: पत्रकात तर शिवणवर्ग होता. या वेळी उत्तर पास्टरांनी दिलं. "आता तिला विचारून ठरवलंय."

डिसेंबरात ती जास्त खचते. नाताळात नगरची आठवण असह्य होते. त्या महिन्यात आम्ही आठवड्याला बोलतो.

शेवटी ती त्या सात पानांकडे परत आली. सगळी पाठवायची नव्हती, पण चार ओळी तिनं प्रार्थनापत्रात घातल्या: "या महिन्यात सात जणी आल्या. एका मशीनचा पट्टा तुटला आहे. आशिष रात्री घाबरतो. मला घरची फार आठवण येते, माझ्यासाठी प्रार्थना करा." पाठवल्यावर दोन दिवस तिनं फोन उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी नगरहून आवाजी निरोप आला. महिला संघातल्या एका म्हाताऱ्या पाळकीणबाईंचा, निरोपाच्या सभेत शाल पांघरणाऱ्या त्याच. करुणानं तो मला ऐकवला. मागं कुकरची शिट्टी, आणि मग थरथरता आवाज: "करुणा, अगं आमच्या नऊ बदल्या झाल्या. दर वेळी नवं गाव. मी चुलीपुढं बसून रडायचे आणि कुणी आलं की धूर लागला म्हणायचे. तू लिहिलंस ते बरं केलंस गं. आशिषला सांग, आजीनं पापा दिलाय."

करुणानं निरोप पुन्हा लावला. मी गप्प बसून ऐकला.