निघण्याआधी काम कुणाच्या तरी हातात दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री वाचला, आणि दवाखान्यात जाण्याआधी हे लिहायला बसलो. मेडिकल कॉलेजांकडून मुलाखतीची दोन बोलावणी आली आहेत, आईबाबा इकडे अमेरिकेत एडिसनहून ‘मिळेल त्या विमानाने ये’ म्हणून मागे लागले आहेत, आणि तू लिहितेस, ‘काका, आत्ता निघाले तर या लोकांना दगा दिल्यासारखं होईल.’ डॉक्टर व्हायचं की नाही हा तुझा प्रश्नच नाही, तेव्हा त्यावर शब्द खर्च करत नाही. तू परत येणार आहेस, यायलाच हवं. निघायचं कसं एवढंच उरतं, आणि त्याबाबत माझा हट्ट एकच आहे: हातातलं काम कुणाच्या तरी हातात देऊन निघ.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात तू वर्षभर आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांच्या, मागे फिरते आहेस. दवाखान्यात जन्मलेलं बाळ घरी आलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजायचे. साठ किंवा वर गेले तर पुन्हा मोजायचे. ही पद्धत कुठून आली हे तुला माहीत आहे. तुझ्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना हे शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशा हेच करतात. ज्या कामाची सगळी ताकद विद्या दुसऱ्याच्या हातात देण्यात आहे, ते वर्षभर पाहून तू मला विचारतेस की आपण गेल्यावर कसं होईल? रागावू नकोस, पण हा प्रश्न मला तुझ्याकडून अपेक्षित नव्हता.

आता नेमकं बोलू. वजन ताई घेतात, श्वास ताई मोजतात. तुझ्याकडे काय आहे? कमी वजनाच्या बाळांची यादी, जी तुझ्या लॅपटॉपमध्ये आहे, इंग्रजीत, तुलाच कळतील अशा रंगांच्या खुणांनी. तू विमानात बसलीस की ती यादी मेली. आजच एक रेघांची वही घे आणि ती यादी मराठीत उतरव. तू लिहू नकोस, ताईंना लिहू दे. अक्षर त्यांचं असलं तर वही त्यांची होईल. दुसरं, जीपभाडं तू स्वतःच्या खिशातून देतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. मन मोठं आहे तुझं, पण तू गेल्यावर ते पैसे कोण देणार? जायच्या आधीच ते थांबव. रात्री बाळाने दूध ओढणं सोडलं तर १०२ ला फोन कुणी करायचा, गाडी आली नाही तर पुढे कुणाला, हे घरातल्या माणसांकडून तुझ्यासमोर एकदा वदवून घे. शेवटच्या फेरीत तू मागे उभी राहा आणि तोंड उघडू नकोस. जिथे ताई अडतील तिथे समज की अजून काम हातात दिलेलं नाही.

मी हे एवढं ताणून का सांगतो? बाँडची, म्हणजे डॉक्टर झाल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी संपवून मी विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाच्या, मुलाखतींसाठी इकडे आलो. माझ्या जागी येणारा डॉक्टर आलाच नाही. तेव्हा क्षयरोगाचं रजिस्टर घेऊन मी नर्सबाईंबरोबर बसलो आणि एकेक नाव, एकेक घर, कोण गोळ्या चुकवतो, कुणाच्या सासूशी बोलायचं, सगळं त्यांना देऊन मगच निघालो. लोक म्हणाले, पळाला. नातेवाईक अजून म्हणतात. मी गेलो हे खरं, पण पळालो नाही, आणि हे मी कुणाहीपुढे मान वर करून सांगेन. त्यातले किती जण पूर्ण बरे झाले हे मला कधीच कळलं नाही, ती खंत आहे आणि ती जाणार नाही. पण ज्या दिवशी निघालो त्या दिवशी कुणाचं नाव फक्त माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं.

मुलाखतीचंही तेच. मी एका कॉलेजच्या निवड समितीवर बसतो. अर्जात पंधरा कामं लिहिता येतात, त्यातली तीन सगळ्यात महत्त्वाची म्हणून दाखवायची असतात, आणि परदेशातलं गाव बहुतेक त्या तिनात असतंच. मुलं भरभरून बोलतात. मी ऐकून घेतो आणि विचारतो, ‘तू तर इथे आलीस, आता ते काम कोण करतं?’ पुष्कळांचा चेहरा तिथेच कोरा होतो. तुझा होता कामा नये. आणि जे केलं नाहीस ते चुकूनही अंगावर घेऊ नकोस. शिक्षण नसताना परदेशात रुग्णांवर हात चालवू नये, अशी मार्गदर्शक सूचना इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २०११ मध्येच काढली आहे. ‘मी मोजायला मदत केली, ठरवलं ताईंनी आणि डॉक्टरांनी,’ असं सरळ सांग. त्यात तुला कमीपणा नाही.

तारखेचं घोळत बसू नकोस. बरीच कॉलेजं जसजशा मुलाखती होतील तसतशा जागा भरत जातात, त्यामुळे उशिराची तारीख मागण्यात शहाणपण नाही. स्क्रीनवरची मुलाखत नागपूरला मावशीकडे बसून दे, गावातल्या नेटवर्कवर विसंबू नकोस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. इथले सकाळचे ९ म्हणजे त्याआधी तुझे संध्याकाळचे ६.३०, नंतर ७.३०. दुसरी मुलाखत प्रत्यक्ष आहे, तिला चार दिवस आधी पोच आणि झोप पूर्ण कर.

आईबाबांशी मी बोलतो. वही पूर्ण होईपर्यंत त्यांनी थांबायला हवं, आणि तुझं ऐकणार नाहीत तिथे माझं ऐकतील. तू मला वहीच्या पानांचे फोटो पाठव. ते आले की सरावाची मुलाखत घ्यायला मी कुठल्याही रात्री तयार आहे, त्याआधी नाही.

तुझा,
काका