टेस्ला कॉइलच्या वाइंडिंगमधला स्ट्रे (मुद्दाम न जोडता आपोआप येणारा) कपॅसिटन्स कसा मोजायचा आणि मॉडेलमध्ये कसा धरायचा?

तुमची अडचण अशी: सेकंडरीच्या (अनेक वेढ्यांच्या उंच कॉइलच्या) दोन टोकांना एलसीआर मीटर (इंडक्टन्स-कपॅसिटन्स मोजणारा) लावला की कपॅसिटन्स चक्क उणे दिसतो, आणि वेढ्या-वेढ्यांमधला कपॅसिटन्स धरून काढलेली रेझोनन्स फ्रिक्वेन्सी प्रत्यक्षाशी जुळत नाही. मीटर ठीक आहे. शोध चुकीच्या जागी चाललाय.

एक कॉइल घेऊ. व्यास १० सेंमी, वाइंडिंगची उंची ४० सेंमी, एकाच थरात ८९० वेढे. इंडक्टन्स येतो साधारण १७.५ मिलिहेन्री आणि कॉइलचा स्वतःचा कपॅसिटन्स ७ पिकोफॅरडच्या आसपास. १ किलोहर्ट्झला त्या इंडक्टन्सचा अडथळा ११० ओहम, तर ७ पिकोफॅरडचा सव्वादोन कोटी ओहमच्या वर. दोन्ही एकमेकांना समांतर. मीटरला ते ७ पिकोफॅरड दिसणार कुठून? त्याला दिसतो तो इंडक्टन्सच, आणि तोच उणे कपॅसिटन्स म्हणून दाखवला जातो.

आता वेढ्यांचं बघा. शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये समजा ३० पिकोफॅरड आहेत. असे ८८९ कपॅसिटर एकामागे एक जोडले की टोकापासून टोकापर्यंत उरतात ०.०३ पिकोफॅरड. म्हणजे ते ७ येतात बाहेरून: जमीन, टेबल, भिंत आणि कॉइलजवळ वाकून बघणारे तुम्ही. (अनेक थरांची कॉइल असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बराच व्होल्टेजफरक असलेले थर एकमेकांना चिकटून बसतात.) मेडहर्स्ट या संशोधकाने १९४७ मध्ये एक टोक ग्राउंड केलेल्या एकथरी कॉइलसाठी कोष्टक दिलं. उंची व्यासाच्या चौपट असेल तर व्यासाच्या दर सेंटिमीटरला सुमारे ०.७ पिकोफॅरड. पहिला अंदाज म्हणून मी अजूनही तेच वापरतो.

मोजायचं ते रेझोनन्सवरून. खालच्या टोकाला सिग्नल जनरेटर, मध्ये ५०-१०० ओहमचा रेझिस्टर, आणि स्कोप त्या रेझिस्टरवर. करंट सर्वांत जास्त होईल ती फ्रिक्वेन्सी टिपा. वरच्या टोकाला प्रोब अजिबात लावू नका. मी सुरुवातीला लावला होता आणि दोन दिवस सूत्रालाच शिव्या घातल्या. १०एक्स प्रोबचेच १२-एक पिकोफॅरड असतात, त्यामुळे वरच्या कॉइलचे ४५५ किलोहर्ट्झ घसरून २७५ च्या आसपास येतात. वरचं बघायचंच असेल तर प्रोब हातभर लांब हवेत लटकवा, तेवढं पुरतं. आणि मोजमाप कॉइल जिथे उभी राहणार तिथेच करा.

मग वरचं टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०, २२, ४७, १०० पिकोफॅरडचे चांगले कपॅसिटर एकेक करून लावा. आडव्या अक्षावर जोडलेला कपॅसिटन्स, उभ्या अक्षावर १/f². रेषा सरळ येते, तिच्या चढावरून इंडक्टन्स मिळतो, आणि ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते तो आकडा कॉइलचा. जोडतारेचा एखादा पिकोफॅरड त्यात मिसळलेला असतो, तो वजा करायला विसरू नका. काहीच न जोडता घेतलेला बिंदू या रेषेवर नेमका बसत नाही. ती तुमची चूक नव्हे. मोकळ्या कॉइलमध्ये करंट खालपासून वरपर्यंत सारखा नसतो, म्हणून तसं होतं.

प्रायमरी-सेकंडरीमधला कपॅसिटन्स मात्र एलसीआर मीटरवर मिळतो. प्रायमरीची दोन्ही टोकं एकत्र करा, सेकंडरीचीही, आणि दोन्हींची ग्राउंडची जोडणी सोडवा. आता प्रायमरी, सेकंडरी आणि ग्राउंड असे तीन सुटे भाग झाले. प्रत्येक वेळी दोन भाग जोडून तिसऱ्याच्या विरुद्ध मोजा. सेकंडरी एकटी असतानाचा आकडा अधिक प्रायमरी एकटी असतानाचा, उणे ग्राउंड एकटा असतानाचा, भागिले दोन. हे मोजताना प्रायमरीचा टँक कपॅसिटर (प्रायमरीबरोबर रेझोनन्स साधणारा) काढून ठेवलेला आणि डिस्चार्ज केलेला हवा.

पण हा आकडा उचलून मॉडेलमध्ये सेकंडरीच्या टोकाला जोडू नका. मोजताना सगळी सेकंडरी एकाच व्होल्टेजला होती, चालू कॉइलमध्ये खाली शून्य आणि वर कमाल असतो. उंचीभर सारखा पसरलेला कपॅसिटन्स असेल आणि व्होल्टेज सरळ रेषेत चढत असेल, तर ऊर्जेच्या हिशोबाने टोकाला त्याचा एक-तृतीयांशच जाणवतो. प्रायमरी तळाशी असते, त्यामुळे तिचा वाटा याहूनही कमी.

म्हणून मॉडेलसाठी सेकंडरीचे १० ते २० तुकडे करा. प्रत्येकाचा इंडक्टन्स, सगळ्या जोड्यांचा म्युच्युअल इंडक्टन्स, आणि कपॅसिटन्स एफईएमएमसारख्या सॉफ्टवेअरच्या अक्षसममित इलेक्ट्रोस्टॅटिक मॉडेलमधून घ्या. एका तुकड्याला १ व्होल्ट, बाकी सगळ्यांना शून्य देऊन प्रत्येकावरचा चार्ज वाचला की कपॅसिटन्सच्या मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी कोष्टकाचा) एक स्तंभ तयार होतो. त्यात कर्णाबाहेरचे आकडे उणे येतात. स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेटरमध्ये) दोन तुकड्यांमधला कपॅसिटर म्हणजे तोच आकडा, चिन्ह उलटं करून. तुकडा ते ग्राउंड हा कपॅसिटर मात्र कर्णावरचा आकडा नव्हे, तर त्या ओळीची बेरीज. इथे बहुतेक जण एकदा तरी फसतात, मीही फसलो.

मोकळ्या कॉइलची फ्रिक्वेन्सी मॉडेलशी जुळली की मगच टोरॉइड (वरच्या टोकावरचं धातूचं कडं) बसवा, आणि मॅट्रिक्स नव्याने काढा. टोरॉइड वरच्या वेढ्यांना झाकतो, त्यामुळे एकूण कपॅसिटन्स दोघांच्या सुट्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा कमीच भरतो.