फ्लोरिडात बोनफिशसाठी फ्लाय फिशिंग सुरू करायचंय, ट्राउट माशाची ५ वेटची रॉड चालेल का?
नाही चालणार, ८ वेटची (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन फेकते त्याचा नंबर) ९ फुटी रॉड आणि फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी लाइन घ्या, कारण तिथल्या उथळ पाण्यावर वारा बराच असतो आणि बोनफिश एका दमात १०० यार्ड लाइन सहज ओढून नेतो. हा मासा तळात तोंड खुपसून खेकडे-कोळंबी शोधतो, तेव्हा शेपटी पाण्याबाहेर चमकते, म्हणून फ्लाय (गळावर बांधलेलं खोटं आमिष) तळाला टेकलीच पाहिजे, क्रेझी चार्ली नाहीतर क्लाउझर ही फ्लाय घ्या, तिच्या जड डोळ्यांमुळे गळाचं टोक वर राहतं नि गवतात कमी अडकतं. मासा लागला की ट्राउटच्या सवयीने रॉड उचलू नका, हाताने लाइन खेचा (मी पहिले तीन असेच घालवले). फक्त वारा जास्तच असेल तर ९ वेट बरी. आणि हो, फ्लोरिडात बोनफिश सोडूनच द्यावा लागतो, तळायचा विचार नको.