आबा हल्ली गप्प गप्प असतात

प्रश्न : ताई, माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, शिक्षक होते. हल्ली बोलताना त्यांना शब्द पटकन आठवत नाही, की लगेच आमचे हे नाहीतर मुलं तो पुरवून मोकळे होतात, "आबा, ही गोष्ट झाली सांगून" हे तर रोजचंच. परवा न्यू जर्सीच्या भाऊजींशी व्हिडिओ कॉल चालू होता, दोघं भाऊच बोलत राहिले आणि आबा उठून आत गेले. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या घरातली माणसं काही वाईट नाहीयेत हो, घाई सगळ्यांच्याच डोक्यात असते. २००९ साली संशोधकांनी दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या होत्या, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी साधारण २०० मिलिसेकंदच गेलेले दिसले, आणि साधं चित्र बघून त्याचं नाव सांगायलाच आपल्याला ६०० च्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं संपायच्या आतच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं. त्यात आबा शब्द शोधायला थांबले की बाकीच्यांना वाटतं झालं यांचं.

तर ते थांबले की तुम्हीही थांबा, मनात हळूच तीन म्हणा, अवघडल्यासारखं वाटेल पण वाटू दे. त्यांनी "काय ते..." म्हणत तुमच्याकडे बघितलं तरच शब्द द्या. आणि मोबाईलवर नजर ठेवून नुसतं हो हो करणं, हा मला तर मधे बोलण्यापेक्षा मोठा अपमान वाटतो. जुनी गोष्ट परत निघाली तर नवा प्रश्न विचारा, तेव्हा शाळेत जायचात कसे, वर्गात मुलं किती होती, त्यात कधीही न ऐकलेलं काहीतरी निघतंच. हे काम नातवंडांना द्या, ती भारी प्रश्न विचारतात.

व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला जरा उशीर होतो, म्हणून तिथे जास्तच गोंधळ होतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं फक्त आबांची असं भाऊजींना आधीच कळवून ठेवा. मिस्टरांनाही सांगा, पण आबांसमोर नको, एकटे असताना.

अजून एक, आबांचे कान तपासून घ्या. नीट ऐकू येत नसलं की माणूस चारचौघांत आपोआप गप्प होतो आणि घरच्यांना वाटतं रुसलाय. शब्द आठवत नाहीत हेही त्याच वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला. पण बोलणं अचानक अडखळायला लागलं, तोंड वाकडं झालं किंवा एका हातातली ताकद गेली तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकी आबा एकदा खुलले की तुमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं होणार, तेवढी तयारी ठेवा!