अंगठी, फेटा आणि सात हजार रुपये

ॲलन, टेक्सस
जानेवारी २०१८

प्रिय सई,

फ्रिजवरची तुझी चिठ्ठी वाचली. ॲलन हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमला चॅम्पियनशिपच्या अंगठ्या मिळतात, मग कोल्हापुरात जिंकणाऱ्यांना काय देतात? आणि टीममधल्या शेजारच्या दादासाठी आपल्या पद्धतीने काही करता येईल का? जेवताना सांगायला लागले की तुझं लक्ष फोनमध्ये, म्हणून लिहूनच देते.

अंगठ्या मिळायलाच हव्यात. सोळापैकी सोळा सामने जिंकले, फायनलला लेक ट्रॅव्हिस हायस्कूलला ३५-३३ असं हरवलं. शेवटपर्यंत माझा जीव टांगणीला होता, आणि नियम तर मला अजून धड कळत नाहीत! २००८ पासून ॲलनचं हे पाचवं राज्य विजेतेपद.

कोल्हापूरचा फुटबॉल पायाने खेळायचा, आणि टीम तालमींच्या: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर फायनल मारली की गुलाल, हलगी आणि पोरं खांद्यावर. त्या दिवशी अख्खी पेठ जिंकलेली असते. रीतसर सत्कार मागाहून होतो, फेटा, शाल, श्रीफळ देऊन. तो मला कधीच आवडला नाही. आधी पाहुण्यांचे हार, मग पाहुण्यांची भाषणं. फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे परातीएवढे आणि गोलकीपर कुठेतरी कोपऱ्यात.

सत्कार म्हटलं की मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. पण त्यांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्यात स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून सरांचं कर्ज फेडलं. अर्जुन पुरस्कार मात्र सरकारने दिला तो ते गेल्यानंतर.

म्हणून दादाला बोलावशील तेव्हा त्याच्या आईलाही बोलाव. पहाटेच्या प्रॅक्टिसला त्याला कोण सोडायचं, ते आपण खिडकीतून पाहिलंय. दादाला आपण कुंकू लावू, ओवाळू, पेढा भरवू. नारळ आणि शाल त्याच्या आईच्या हातात द्यायची. का, ते तूच तिला इंग्रजीत सांग. फेटा बांधायला मंडळातल्या काकांना विचारते, तयार फेटा नको. पाटावर मात्र बसवायचं नाही हं, टीमचा लाइनमन आहे तो, समोरच्यांना अडवणारा धिप्पाड गडी! खुर्चीच बरी.

रविवारी संध्याकाळी जमेल का विचार. निरांजनासाठी तूप आहे, वाती संपल्यात. त्या तू वळ. आणि त्याला दुधाचं चालतं ना, तेवढं आधी विचारून घे.

तुझी,
आई